उजव्या बाजूचा स्पीकर

अहो सुजाताचे बाबा,

तुम्हाला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा गरज पडली नाही. दिवसभर शेजारी बसलेल्या माणसाला कोण पत्र लिहितं? आणि गेल्यावर वर्षभर लिहावंसं वाटलं नाही, हेही सांगून टाकते. तुमच्यावर माझा एक जुना राग होता. तुम्ही गेलात की तोही जाईल असं मी धरून चालले होते, पण तो घरातच राहिला, दाराआड टांगलेल्या तुमच्या छत्रीसारखा.

त्या रागाचं काय करायचं ते मला आता ठरवायला हवं, म्हणून लिहितेय. वेळ रविवारपर्यंतच आहे. रविवारी सुजाता येतेय, तुमचा टेपरेकॉर्डर न्यायला.

हो, तोच. दुकानातल्या फळीवरचा, दोन कॅसेटींचा, ज्याचे स्पीकर काढून लांब ठेवता येतात तो. दुकान सोडलं तेव्हा गोधडीत गुंडाळून मी घरी आणून ठेवला होता. तुमच्या लेकीनं तो गेल्या आठवड्यात मोबाईलवर व्हिडिओ कॉलमध्ये बघितला आणि म्हणाली, "आई, याला आता व्हिंटेज म्हणतात. मी पुण्याला नेते, हॉलमध्ये ठेवते. वाजला नाही तरी चालेल, फक्त पुढची बटणं सरकू देत. येणाराजाणारा हात लावून बघतो."

मी म्हटलं, "बाबांची आठवण म्हणून नेतेस का?"

"नाही गं," ती म्हणाली, "दिसतो छान."

ऐकलंत? पण तिला बोल लावण्यात अर्थ नाही. ती अशी का झाली ते मला ठाऊक आहे, आणि तुम्हालाही असावं.

त्यासाठी दुकानापासून सुरुवात करायला हवी. मधोमध तुमचं मशीन. तुमच्या उजव्या हाताला खिडकी आणि खिडकीखाली माझं स्टूल. काजं करायला उजेड लागतो म्हणून दुकानातली ती एकमेव उजेडाची जागा तुम्ही मला लग्न झाल्याझाल्या दिलीत. तुम्ही शिवायचात, मी काजं-बटणं करायचे. तुमच्या डावीकडे फळीवर टेपरेकॉर्डर. त्याचा एक स्पीकर अगदी तुमच्या डोक्याशी आणि दुसरा माझ्या बाजूला कपाटावर. माझ्या बाजूचा कधीच वाजला नाही. एकदा विचारलं तर म्हणालात, "जळालाय त्यो." मी विश्वास ठेवला. टेलरच्या बायकोला स्पीकरमधलं काय कळणार!

आणि मी बोलत असायचे. सुई चालू, तोंड चालू. सासूबाईंचं, शेजारणीचं, सुजाताच्या शाळेचं, डाळीच्या भावाचं. तुम्ही मधूनमधून "हं" म्हणायचात. ना कधी "खरं का?" ना कधी "मग पुढं काय झालं?" नुसतं "हं". मी तेवढ्यावर संसार रेटला. बायका म्हणायच्या, तुझा नवरा किती शांत! मी म्हणायचे, शांत कसला, भिंत आहे भिंत.

मग ती जयंती आली. तुम्हाला ती आठवत असेल, पण माझ्या बाजूनं कधी ऐकली नसेल.

आठवडाभरावर चौदा एप्रिलची जयंती, आणि दुकानात पांढऱ्या सदऱ्यांचा नि पांढऱ्या ब्लाउजांचा हा ढीग. सगळ्या वस्त्यांना त्याच दिवशी कोरे कपडे हवे असायचे. अशात माहेराहून, वरव्याहून निरोप आला की माझ्या आईचं काही खरं नाही. संध्याकाळी काज करता करता मी तुम्हाला म्हटलं, "उद्या पयल्या एस्टीनं वरव्याला जाऊ. तुमीबी चला. मला एकलीला धीर न्हाई व्हायचा."

तुम्ही म्हणालात, "हं."

सकाळी मी पिशवी भरली, सुजाताची वेणी घातली आणि बाहेर येऊन बघते तर तुम्ही दुकानात गेलेले! मला वाटलं, चावी कुणाला द्यायला गेला असाल. पोरीचा हात धरून मी स्टँडकडे निघाले. वाटेत दुकान. शटर वर, मशीन चालू. तुम्ही मान उचलून माझ्याकडे बघितलंत, मग पिशवीकडे बघितलंत. मी थांबले. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, पायसुद्धा थांबवला नाहीत. मग मीही बोलले नाही.

सुजातानं विचारलं, "बाबा न्हाई येनार?"

"त्यांना कामं हायेत," मी म्हटलं.

एस्टी सुटेपर्यंत मी खिडकीतून बघत होते हो. कंडक्टरनं घंटी दिली तरी मला वाटत होतं, पळत याल.

आई दोन दिवसांनी गेली. तुम्ही भावकीबरोबर टेम्पोतून मातीला आलात आणि पाहुण्यासारखे मागे उभे राहिलात. मी विचारलं नाही, का आला नव्हता म्हणून. तुम्हीही विचारलं नाहीत, की मी एकटी का निघून आले. परत आल्यावर तुम्ही शिवायला बसलात आणि मी काजं करायला. बोलणं मात्र मी कमी केलं. ते तरी तुमच्या लक्षात आलं होतं का?

ही गोष्ट मी पुढं किती ठिकाणी सांगितली असेल! विहारात, लग्नाच्या मांडवात, कुणाच्या सांत्वनाला गेले की तिथंही. मी ती सांगतेही छान, बायका पदरानं डोळे पुसतात. सुजाता ती ऐकतच वाढली. तिच्या लेखी तुम्ही म्हणजे सदऱ्यांपायी आजीचं तोंडसुद्धा न बघणारा माणूस. दवाखान्यात ती तुमच्याजवळ आली तरी पायाशी बसायची, उशाशी बसली नाही. तुम्ही तिच्याकडे बघत राहायचात, ते मी बघितलंय.

तर आता टेपरेकॉर्डरचं सांगते.

परवा तो मी ओट्यावर घेतला आणि मागचं झाकण उघडलं. तुमचाच मशीनचा स्क्रूड्रायव्हर घेतला. स्क्रू हे लांब, खोल भोकात बसलेले, मनगट दुखून आलं. आत काय होतं सांगू? अख्खं दुकान! दोऱ्यांची टोकं, कापडाचा भुसा, एक टाचणी, आणि या सगळ्यावर तुमचं तेल.

मशीनचं तेल तुम्ही कशाला म्हणून घातलं नाहीत? कात्रीला, शटरला, शेजारच्यांच्या पाळण्याला, त्या छत्रीच्या काडीलासुद्धा. आवाजाचं बटण खरखरायला लागलं की त्याच्या फटीत दोन थेंब. चार दिवस बरं चालायचं, मग पुन्हा खरखर, मग पुन्हा थेंब. त्या तेलावर दुकानातला भुसा बसत गेला आणि त्याचा काळा, चिकट पाक झाला. आवाज वाढवायला जावं तर बटण अडून बसायचं आणि मग एकदम केकाटायचं, त्याचं कारण हे! आणि तुम्ही कंपनीला शिव्या घालायचात.

मी बाजारपेठेत शौकतभाईंच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात गेले. बोटाला लागलेला तो पाक त्यांना दाखवला. त्यांनी वास घेतला.

"वैनी, यात शिलाईमशीनचं त्याल कुनी घातलं?"

"मालकांनी."

"आसं व्हय," ते म्हणाले आणि फळीकडे वळले. गेलेल्या माणसाला नावं ठेवायला भीड वाटली असावी. मला नाही वाटत, मी ठेवली.

त्यांनी बटणं साफ करायचा फवारा दिला, डब्याला बारीक नळी असते तो. आणि इवलीशी ट्यूब, पांढऱ्या ग्रीसची. प्लग काढायचा, नळी फटीत घालायची, थोडासाच फवारा मारायचा आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत राहायचं, म्हणजे आतली घाण सुटते. मग पूर्ण वाळू द्यायचं. ग्रीस टाचणीच्या डोक्याएवढं, आणि तेही जिथं प्लास्टिक प्लास्टिकवर घासतं तिथंच. काम सोपं आहे. काज करणाऱ्या हाताला तर फारच सोपं.

एक गंमत सांगू? त्या बटणांना मी आयुष्यात पहिल्यांदा हात लावला. तुम्ही कुणाला लावूच देत नव्हतात! आवाज वाढवा म्हटलं तर "हं", कमी करा म्हटलं तरी "हं".

आवाजाचं बटण सुटलं. जाड-बारीक सुराचं सुटलं. तिसरं मात्र हलेना. तुम्हाला कळलं असेल मी कुठल्याबद्दल बोलतेय. दोन स्पीकरांत आवाज वाटून देणारं ते. ते डाव्या टोकाला जाऊन असं बसलं होतं की जणू तिथंच उगवलंय. फवारा मारला, थांबले, पुन्हा मारला, टूथब्रशनं घासलं, नखानं रेटलं. बऱ्याच वेळानं सुटलं आणि सरकलं. बाकीच्या दोघांच्या वाटा घासून घासून गुळगुळीत झालेल्या. याची वाट कोरी. म्हणजे टेपरेकॉर्डर आणला तेव्हापासून ते टोक सोडून कधी हललंच नव्हतं.

दुपारभर वाळू दिलं. कॅसेटचे पट्टे विरघळून गेलेत, म्हणून त्यातलाच रेडिओ लावला. बटण सरकवत सरकवत मध्ये आणलं आणि माझ्या बाजूचा स्पीकर बोलायला लागला!

मी दचकलेच. बातम्या चालल्या होत्या, अगदी खणखणीत. जळालेला स्पीकर बातम्या देतो होय?

पहिला विचार काय आला तो लपवत नाही. म्हटलं, काय आपमतलबी माणूस! गाणीसुद्धा स्वतःच्या बाजूला ओढून घेतली. पण मग वाटलं, खोटं कशाला बोलला असाल? कपडे द्यायच्या तारखा सोडल्या तर तुम्ही खोटं बोलणाऱ्यातले नव्हता. हे डोक्यातून जाईना. तुमच्या लहानपणचं माणूस आता एकच उरलंय, म्हणून मी एस्ट्या बदलत पानशेतला आक्कांकडे गेले. फोनवर विचारण्यासारखं नव्हतं ते.

तुमची बहीण अजून तशीच आहे. मधल्या वारी त्यांच्या खानावळीत चिटपाखरू नसतं, पुण्याची गिऱ्हाइकं शनिवार-रविवारी येतात पिठलं-भाकरी खायला. चुलीपुढं बसून आमच्या दोघींपुरत्या भाकरी थापत होत्या. मी स्पीकरचं सांगितलं.

"उजव्या बाजूचा?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"त्येचा काय उपेग त्याला!" त्या म्हणाल्या. मग हात थांबला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "कुसुम, अगं तुला खरंच म्हाईत न्हाई व्हय?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. लहानपणी तुमचा कान ठणकायचा. सासूबाईंनी लसूण घालून तेल कढवलं आणि ओतलं. "गरमच व्हतं गं. लई रडला. मंग कान वाहात ऱ्हायला, आन वाहायचा थांबला तवा ऐकू यायचंबी थांबलं. उजवा कान गेला त्यो गेलाच." मला बघायला आलात तेव्हा सासूबाईंनी सगळ्यांना दम दिला होता म्हणे, पोरीकडच्यांना कळता कामा नये. "लगीन झाल्यावर मी त्याला बोलले, आता सांगून टाक. तर म्हनला, आता सांगितलं तर म्हनंल फसवलं. आन मला शपथ घातली."

तेलानं सगळं बरं होतं, ही तुमच्या घराण्याचीच समजूत दिसतेय! मी हसले. आक्कांना वाटलं असेल, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

मी विचारलं, "आक्का, माज्या आईच्या येळंची गोष्ट तुमी माज्या तोंडून किती डाव ऐकली! तवाबी बोलला न्हाईत?"

त्या चुलीकडे बघत म्हणाल्या, "मातीला जाताना टेम्पोत माज्याजवळ बसला व्हता. म्हनला, आक्का, कुसुम मला न सांगता गेली. म्हनला, दुकानापुढनं गेली पिशवी घिऊन, बोललीबी न्हाई. जरा येळानं म्हनला, का सांगितलंबी आसंल तिनं? त्या कानाच्या बाजूनं? मी बोलले, मंग इचार की तिलाच. तर न्हाई म्हनला. इचारलं तर कानाचं सांगावं लागंल."

तव्यावरची भाकरी करपली. दोघींपैकी कुणीच ती उलटली नाही.

अहो, मला आधी राग आला आणि मग वाईट वाटलं. त्याच क्रमानं सांगते.

एक कान नाही म्हणून मी काय तुम्हाला सोडून गेले असते? कानावर का कुणाचा संसार चालतो? मी उठले असते आणि स्टूल उचलून दुसऱ्या बाजूला ठेवलं असतं. उजेड कमी पडला असता तर दिवा लावला असता. एवढंच तर काम होतं! त्यासाठी एवढी वर्षं, चांगल्या कानाशी गाणी नि मशीनचा खडखडाट घेऊन, तुम्ही "हं" म्हणत काढलीत? मी काय बोलले हे न कळता? माझी सुई थांबली की समजायचं, हिनं काहीतरी विचारलं, आणि म्हणायचं "हं"! त्यातल्या कितींना तुम्ही हो म्हणालात आणि कितींना नाही, हे तुम्हाला तरी ठाऊक होतं का?

आणि तुम्हाला संशय आला होता. मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. टेम्पोतच तुमच्या मनात आलं होतं की हिनं सांगितलं असेल. एक प्रश्न विचारला असता तर? मी त्या दिवशी आई घालवून बसले होते. माझ्याजवळ येऊन नुसतं म्हणाला असतात, तुझं मला ऐकू आलं नाही गं, तर मी आईसाठी रडत होते तिथंच तुमच्यासाठीही रडले असते.

वाईट वाटलं ते परतीच्या एस्टीत. एकेक आठवायला लागलं. तुम्ही फोन डाव्या कानालाच लावायचात. डाव्या कुशीवर झोपलात की सुजाता रडून रडून लाल व्हायची तरी तुम्हाला जाग यायची नाही, आणि मी म्हणायचे, बापाचं काळीज आहे की दगड! आणि बाजारातून चालताना मला नेहमी डावीकडे घ्यायचात. मला वाटायचं, गाड्यांपासून सांभाळता. पण गाड्या कुठल्याही बाजूनं येवोत, मी डावीकडेच! चालताना मी जे बोलायचे त्याला तुम्ही नीट उत्तरं द्यायचात, कधीकधी हसायचातसुद्धा. म्हणजे मी दुकानातल्या तुमच्यावर रुसायचे आणि रस्त्यातल्या तुमच्याबरोबर संसार करायचे. दोन्ही माणसं एकच आहेत हे सांगायला तुमची जीभ रेटली नाही.

ती उजेडाची जागा तुम्ही मला का दिलीत, याचाही विचार केला. तुमच्या डावीकडे अंधार होता. तिथं बसवलं असतंत तर माझं सगळं बोलणं तुम्हाला ऐकू आलं असतं आणि माझे डोळे गेले असते. हे तुम्ही मोजूनमापून केलंत की सहज झालं, मला माहीत नाही. विचारायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

तर आता हिशेब असा. कानाचा दोष नव्हता तुमचा, तो मी सोडून दिला. नंतर गप्प बसलात तो होता. तो सोडायला मला वेळ लागेल, घाई करू नका.

सुजाताचं मात्र थांबवून चालणार नाही. मी तिला हे सांगायला बसले की ती म्हणणार, आई, बाबा गेले म्हणून तू आता पांघरूण घालतेस. घालू दे तिला वाद. आक्कांना फोन लावून देईन. ती विचारेल, मग नंतर का नाही बोलले ते? त्याला मी सांगणार, तुझा बाप भित्रा होता. त्यात सवलत मिळणार नाही तुम्हाला. माझी ती बायकांना रडवणारी गोष्टही मोडणार आहे, तेवढं माझं नुकसान.

पण शब्द देते. निष्ठुर होता, असं तुमच्याबद्दल यापुढं माझ्या तोंडून कुणी ऐकणार नाही. आणि रविवारी सुजाता समोर बसली की तिच्या डोळ्यांत बघून सांगेन, की त्यांना ऐकू गेलं असतं तर सदऱ्यांचा ढीग तसाच टाकून तुझे बाबा त्या सकाळी एस्टीत आपल्या शेजारी बसले असते.

तुमची,
कुसुम